एकशे अठरा नंबरचा वाकडा पाना

१

"पोरी, एकशे अठरा जागेवर नाही."

सकाळचे सात वाजून पाच मिनिटं झाली होती. तपासणीच्या बाई हत्यारघराच्या खिडकीशी उभ्या राहून रोजच्या मोजणीच्या वहीत सही करायला पेनाचं टोपण काढत होत्या. मामांनी आतून हे इतक्या साध्या आवाजात सांगितलं, की बाईंना आधी वाटलं, साखर संपली असं काहीतरी सांगतायत.

"काय नाही?"

"एकशे अठरा. वाकडा पाना."

बाईंनी पेनाला टोपण परत लावलं.

आता बाहेरच्या माणसाला वाटेल, पाना हरवला तर हरवला, दुसरा आणा, त्यात काय एवढं? पण जिथं लढाऊ विमान बनतं तिथं असं नसतं. इथं पाना हरवला म्हणजे तो विमानाच्या पोटात राहिला असंच धरून चालायचं, आणि पोटात पाना घेऊन वर गेलेलं विमान खाली कसं येईल हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्हणून हत्यारघराची सगळी भिंत पिवळ्या फळ्यांची. प्रत्येक हत्याराचा काळा आकार फळीवर रंगवलेला आणि वर एक खुंटी. हत्यार काढलं की खुंटीवर आपल्या नंबरचा बिल्ला टांगायचा, हत्यार परत ठेवलं की बिल्ला काढून घ्यायचा. हँगरात खिशांनाही बंदी, सगळ्यांच्या डगल्यांचे खिसे शिवून टाकलेले. नवीन माणूस पहिल्या दिवशी हात कुठं ठेवावेत या विचारानंच हैराण व्हायचा.

आणि पलीकडे हँगरात उभा होता 'ससाणा'. देशानं स्वतः आखलेलं, स्वतः बांधलेलं पहिलं लढाऊ विमान. हवेत लढायचं तेच, जमिनीवर मारा करायचा तेच, शत्रूच्या हद्दीत जाऊन टेहळणी करायची तीही त्यानंच. "थोरल्या सुनेसारखं आहे," मामा म्हणायचे, "जे काम निघेल ते हिच्याच गळ्यात." उद्या सकाळी अकराला, सरकारातल्या बड्या पाहुण्यांसमोर, हे विमान उडणार होतं.

"खुंटी रिकामी आहे?" बाईंनी विचारलं.

"रिकामी असती तर बरं होतं." मामा बाजूला झाले.

एकशे अठराच्या काळ्या आकारावर, खुंटीला एक बिल्ला लटकत होता. घासून चकचकीत केलेला पितळी बिल्ला, आणि त्यावर नंबर ठोकलेला: ४१. बाई बघतच राहिल्या. पितळी बिल्ले सात वर्षांपूर्वी बंद झाले होते. आता सगळ्यांकडे निळे प्लास्टिकचे होते, आणि त्यांत एक्केचाळीस नंबर कोणाकडेच नव्हता.

२

मोठ्या साहेबांनी सगळं उभ्या उभ्याच ऐकलं. त्यांच्या टेबलावर पाहुण्यांच्या खुर्च्यांचा नकाशा पसरलेला होता.

"काल संध्याकाळी सहाला मोजणी झाली तेव्हा पाना होता?"

"होता. मामांच्या अक्षरात आहे, खाली माझी सही आहे."

"रात्री कुलूप. सकाळी साडेसहाला हत्यारघर उघडलं, सातला मोजणी. मध्ये कोण आलं?"

"मामा दहा मिनिटं चहाला गेले होते. त्या सुमारास हँगरात तिघं होते. शिडी मिस्त्री विमानाच्या नाकाशी काम करत होता, डिझाइनवाली आली होती, आणि कॅप्टन."

"मग नाक उघडून बघा. बाकी विमानाला हात लावायचा नाही. काल सहाला पाना भिंतीवर होता, म्हणजे आधी बंद केलेल्या भागात तो असूच शकत नाही. बरोबर?"

नियमानं बरोबरच होतं. बाईंनी मान हलवली.

"आणि खरं सांगू का बाई? मामांचं वय झालंय. पाना त्यांनीच कुठंतरी ठेवला असेल, आणि जुना बिल्लाही चुकून त्यांच्याच हातून लागला असेल. उद्या अकरापर्यंत शोधा. मिळाला तर देव पावला. नाही मिळाला तर 'हत्यारघरात गहाळ' असा शेरा मारून मामांना तिथल्या तिथं कामावरून उतरवतो, आणि विमान उडेल."

"साहेब, त्यांना निवृत्त व्हायला एक महिना राहिलाय. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून साधी टाचणी हरवलेली नाही."

"म्हणून तर तुम्हाला एक दिवस देतोय," साहेब म्हणाले, आणि नकाशावर वाकले.

बाई जिना उतरल्या तेव्हा त्यांचे कान तापले होते. पंचवीस वर्षांपूर्वी त्या इथं लागल्या, तेव्हा पाना धरायला त्यांना मामांनी शिकवलं होतं. "हत्याराला पाठ दाखवायची नाही, आणि न बघता हो म्हणायचं नाही," ही मामांची शिकवण. अशा माणसाला शेवटच्या महिन्यात 'हरवणारा' म्हणून घरी धाडायचं? बाईंना ते सहन होण्यासारखं नव्हतं. पाना सापडलाच पाहिजे, बस्स.

३

शिडी मिस्त्रीचं खरं नाव कोणाला आठवायचं नाही. तो इतका उंच की विमानाच्या पाठीवरचं काम खाली उभ्यानं करायचा. बाई गेल्या तेव्हा नाकाची सगळी झाकणं काढून तो बॅटरीच्या उजेडात आत बघत होता.

"काही आहे?"

"धूळ पण नाही बाई. काल मीच पुसलंय." तो सरळ झाला आणि सवयीनं डोकं वरच्या पत्र्याला आपटलं. "आई गं! बरं, मला माहितेय तुम्ही काय विचारणार. हो, काल मामांशी भांडलो. ड्रिल मागितलं तर म्हणाले, आधी बिल्ला पुसून आण, ग्रीस लागलंय. मी म्हटलं, बिल्ल्याचं लग्न आहे का? असं आमचं रोज चालतं."

"एकशे अठरा शेवटचा कोणी वापरला?"

"मीच. नऊ दिवस झाले. तो दुसरीकडे चालतच नाही ना. शेपटाच्या पोटात विमानाचं नाक वर-खाली करणारा दांडा जोडलाय, त्या सांध्यावर दोन नट आहेत, तिथं सरळ पाना जात नाही म्हणून मामांनी वाकवून केलाय तो." मग त्यानं जरा दबकत विचारलं, "तुम्हीच तर खाली सही केलीत, नाही का?"

"हो, केली."

"काय दिवस होता तो पण! मी आत पालथा पडून काम करतोय आणि साहेबांनी मध्येच खाली बोलावलं, पाहुण्यांना विमान दाखव म्हणून. अर्धा तास गेला. परत येऊन बंद केलं, तर तुम्हाला जायची घाई."

घाई होतीच. त्या दिवशी चारला सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. बाई जरा चपापल्या, पण पुढच्या प्रश्नाकडे वळल्या.

"तू पितळी बिल्ल्यांच्या वेळचा. तुझा नंबर?"

"त्रेसष्ट. परत केला तेव्हा मामांनी वहीत लिहून घेतलंय. आता तुम्ही मला चोर ठरवणार का?"

"अजून कोणाला ठरवलेलं नाही. नाकाची झाकणं लाव."

डिझाइनवाली तिच्या टेबलावर सापडली, तिन्ही पडदे चालू, केस पेन्सिलनं वर खोचलेले. गेला महिनाभर ती पंखाच्या चाचणीसाठी आणखी आठ दिवस मागत होती, आणि मोठे साहेब तिला हाकलून देत होते. तीन वर्षांपूर्वी इथं आलेली, बुद्धीनं तल्लख, तोंडानं फटकळ.

"उड्डाण लांबलं तर मला हवंच आहे," ती म्हणाली. "म्हणून मी पाना ढापला असं म्हणायचं असेल तर म्हणा. पण बाई, मला एक सांगा. पाना ढापायचा आणि वर बिल्ला टांगून जायचं, हे कसलं ढापणं? मी तर साधं मोजमापाचं हत्यार नेताना पण बिल्ला लावायला विसरते. मामा रोज ओरडतात."

हे मात्र खरं होतं. बाईंनी ते मनात नीट ठेवून दिलं.

कॅप्टन म्हणजे चाचणीचे वैमानिक. ते हँगरच्या दारात दुसरा चहा घेत उभे होते.

"बाई, उद्या त्या विमानात मी बसणार. पोटात पाना असेल तर तो शोधायची सगळ्यात जास्त घाई मला आहे. माझी बायको म्हणते, तुम्हाला घरच्या नळाचा पाना सापडत नाही, तिथं विमानात काय दिवे लावणार!"

"सकाळी तुम्ही हत्यारघरात गेला होतात?"

"छे. मामांबरोबर पहिला चहा घेतला, तिथं टपरीवर. मामा म्हणाले, कॅप्टन, आज शेपूट उघडेल, उद्याच्या उड्डाणाची एवढी घाई करू नका. मी म्हटलं, घाई मला नाही, मोठ्या साहेबांना आहे. मग विमानाला एक चक्कर मारून मी इथं आलो."

बाई हसल्या आणि हत्यारघराकडे निघाल्या. कॅप्टनच्या बोलण्यात काहीतरी खटकलं होतं, चपलेत खडा अडकावा तसं. पण काय, ते त्यांना कळेना.

४

मामा टेबलाशी बसले होते. महिन्याची मोजणी चालू होती, त्यामुळे पिना, वॉशर द्यायच्या छोट्या पत्र्याच्या डब्या धुऊन फडक्यावर पालथ्या घातलेल्या. प्रत्येक कामाची डबी वेगळी, झाकणावर कामाचं नाव. कागदाच्या एका तुकड्यावर एकच स्प्लिट पिन पडली होती. नटातून आरपार घालायची आणि टोकं वाकवायची, म्हणजे नट फिरत नाही, तसली ती बारकी पिन. ही अगदी सरळ होती, कोरी. बाई आत आल्या तशी मामांनी ती उचलली, आणि खिसा नसल्यामुळं चष्म्याच्या डबीत टाकली.

"मामा, हा एक्केचाळीस कोणाचा?"

"आठवत नाही गं."

"तुम्हाला आठवत नाही?" बाई स्टुलावर बसल्या. "वीस वर्षांपूर्वी मी कुठल्या दिवशी स्क्रूड्रायव्हर उशिरा आणला ते तुम्हाला आठवतं."

"गुरुवार होता. पण आता होतं असं. वय झालं." मामांनी एक डबी उचलून पुन्हा पुसली. "माझ्याच हातून गेला असेल कुठंतरी. साहेब काय म्हणतात? म्हातारा झालो म्हणत असतील."

बाईंना वाईटच वाटलं. हा माणूस एका हातोडीच्या दांड्यावरून तीन साहेबांशी भांडला होता, आणि आज स्वतःच्या अब्रूचा प्रश्न आला तर आवाजसुद्धा चढवत नव्हता.

"मामा, तुम्ही भांडत का नाही?"

"कोणाशी भांडू? पाना नाही हे खरं आहे." मग त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "शेपूट कधी उघडताय?"

"नाही उघडत. नाकच बघितलं फक्त. काल सहाच्या मोजणीत पाना भिंतीवर होता ना, मग नऊ दिवसांपूर्वी बंद केलेलं शेपूट कशाला उघडायचं, असं साहेब म्हणाले."

मामांचा हात थांबला.

"वहीत तसं आहे?"

"तुमच्याच अक्षरात. एकशे अठरा, हजर."

मामांचा चेहरा असा उतरला, की बाईंना वाटलं आता यांना पाणी द्यावं. "मग खरंच असेल," ते शेवटी म्हणाले, "वहीत खोटं कसं लिहिणार?"

संध्याकाळच्या मोजणीपर्यंत बाईंनी हँगरचा कोपरान् कोपरा पिंजून काढला. कचऱ्याचे डबे झाले, पाणी जायची गटारं झाली, छताच्या तुळयाही झाल्या. पाना नव्हता तो नव्हताच.

५

घरी आल्या तर घराचं रणांगण झालेलं. आतल्या खोलीतलं मोठं कपाट सगळं पलंगावर ओतलेलं. बाईंचे यजमान स्टुलावर चढून वरचा खण धुंडाळत होते, घामानं डबडबलेले. खाली आरामखुर्चीत काळा चष्मा लावून सासूबाई हुकूम सोडत होत्या.

"आईची डोळ्यांत घालायची बाटली हरवलीय," यजमान म्हणाले. "तिचं म्हणणं, कपाटातच गेली. दोन तास झाले. जुनी बिलं सापडली, माझं दहावीचं प्रगतिपुस्तक सापडलं, बाटली नाही."

"ते फुटके डबे फेकून दे रे, त्याच्या मागं असेल," सासूबाई म्हणाल्या. "आणि कागद नीट लाव, कोंबू नकोस."

बाई सासूबाईंच्या शेजारी टेकल्या. सासूबाईंनी त्यांचा हात ओढला आणि कानाशी लागल्या.

"माझ्या उशीखाली आहे. गप्प बस."

"अहो आई!"

"सहा महिने सांगतेय, कपाट आवर, कपाट आवर. ऐकतो का? उलट म्हणतो, तुला काय दिसतंय? आज म्हटलं बाटली हरवली. बघ कसं लख्ख झालं. नुसतं आवर म्हटलं की माणूस चिडतो, आणि हरवलं म्हटलं की मुकाट्यानं सगळं उपसतो. कोणाला दोष द्यावा लागत नाही की काही नाही."

बाई खळखळून हसल्या. आणि हसता हसता एकदम थांबल्या.

सकाळपासून त्या पाना कोणाला हवा होता हे शोधत होत्या. पाना कोणालाच नको असला तर? कोणाला नुसती शोधाशोध हवी असली तर? एकशे अठरा एकाच ठिकाणी चालतो. तो हरवला म्हटलं की कोणीही आधी शेपूटच उघडेल.

मग कॅप्टनच्या बोलण्यातला खडा टोचला. आज शेपूट उघडेल, असं मामा पहिल्या चहाच्या वेळी म्हणाले होते. म्हणजे सातच्या आधी. पाना नाही हे सात वाजून पाच मिनिटांनी कळलं. त्याआधी शेपूट उघडणार हे मामांना कुठून ठाऊक?

आणि शेपटात असं काय आहे? शिडी अर्ध्यात उठून गेला होता. मामांच्या टेबलावर एक कोरी, कधीच न वाकवलेली पिन होती. सांध्यावर नट दोन होते.

त्या बंद शेपटावर दोन सह्या होत्या. एक करणाऱ्याची आणि एक बघणाऱ्याची. बघणाऱ्यानं त्या दिवशी आत डोकं घातलंच नव्हतं. शिडीचं काम आहे, तो चुकत नाही, असं म्हणून चारला दहा कमी असताना सही ठोकली होती आणि रिक्षा धरली होती.

"काय गं?" सासूबाईंनी विचारलं. "चेहरा का असा झाला?"

"काही नाही आई," बाई म्हणाल्या. "बाटली सापडली."

६

दुसऱ्या दिवशी साडेसहाला मामांनी कुलूप काढलं, तेव्हा बाई दाराशीच उभ्या होत्या. त्या सरळ आत गेल्या. मागच्या भिंतीला टेकून, तोंड भिंतीकडे करून, जुनी फळी उभी होती. पितळी बिल्ल्यांच्या वेळची, रंग उडालेली. बाईंनी ती जोर लावून फिरवली.

जुने बिल्ले ओळीनं टांगलेले, काळे पडलेले. चाळीस होता, बेचाळीस होता, मध्ये जागा मोकळी. आणि खालच्या ओळीत, एकशे अठराच्या जुन्या आकारात अगदी बरोबर बसवलेला, वाकडा पाना.

"कसं कळलं इथं असेल?" मामांनी शांतपणे विचारलं.

"हत्यार जागेशिवाय ठेवायला तुमचा हात धजला नसता. दुसरीकडे आकार फक्त इथंच आहे." बाई स्टुलावर बसल्या. "आणि खुंटी उघडी सोडणंही तुम्हाला जमलं नाही. डिझाइनवाली बिल्ला विसरते, कॅप्टनला बिल्ला नाहीच. शिडी लावेल, पण त्याचा बिल्ला कायम ग्रीसनं माखलेला, तो घासत बसणार नाही. चोरी करताना घासलेला बिल्ला टांगणारा माणूस इथं एकच. एक्केचाळीस तुमचा?"

"माझाच. तू लागलीस त्याच्या आधीचा. दुसऱ्याचा कसा लावू? त्याच्या नावावर पाना चढला असता."

"आणि आदल्या संध्याकाळची मोजणी खरी लिहिलीत."

"तिथंच फसलो," मामा म्हणाले. "पाना तेव्हा होता, तर नाही कसं लिहू? ते लिहिलं नसतं तर शेपूट कालच उघडलं असतं. चोरी करायला गेलो आणि वही खरी लिहून बसलो, असला मी चोर."

त्यांनी चष्म्याची डबी उघडून पिन काढली. शेपटाच्या कामाला दोन पिना दिल्या होत्या. काल सकाळी उघडल्या उघडल्या महिन्याच्या मोजणीसाठी डबी धुवायला घेतली, तर तळाला ग्रीसमध्ये एक चिकटलेली. शिडीनं एका नटाला पिन लावली असणार, तेवढ्यात साहेबांनी हाक मारली, आणि परत आल्यावर डबी रिकामी दिसली म्हणून त्याला दोन्ही लावल्यासारखं वाटलं असणार.

"मला का नाही सांगितलंत?" बाईंचा आवाज चढला. "मामा, त्यात माणूस बसणार होता!"

"आज अकराला मी चाकासमोर आडवा पडलो असतो. उडू दिलं नसतं." मामा खाली बघत होते. "तुला सांगून काय झालं असतं पोरी? तुझ्या तपासणीचा लाल रंगाचा ठिपका, मोहोर म्हण, आहे त्या झाकणावर. तो फोडायचा तर कागदावर कारण लिहावं लागतं. खरं लिहिलंस तर तू आणि शिडी दोघं जाणार. खोटं लिहिलंस तर तू मनातून जाणार. हत्यार हरवलं की कोणाचं नाव न घेता सगळं उघडतं. माझा काय, महिना राहिलाय."

ज्या माणसाची अब्रू वाचवायला त्या धावत होत्या, त्यानं ती त्यांच्यासाठीच पणाला लावली होती.

"अजूनही जमेल," मामा हळूच म्हणाले. "लिही, म्हाताऱ्यानं कबूल केलं, पाना शेपटात पडलाय. ठिपका फोड, पिन लाव, पाना तिथंच सापडला असं दाखव. नऊपर्यंत सगळं मिटतं."

बाहेर हँगरची दारं उघडल्याचा आवाज आला. बाई उठल्या. त्यांनी पाना काढून मामांच्या हातात दिला, आणि मामांनी तो नव्या फळीवर, त्याच्या खऱ्या जागी लावला.

७

झाकण उघडायच्या कागदावर एक रकाना असतो: कारण. बाईंनी तिथं लिहिलं, 'या झाकणावरची माझी तपासणीची सही मी आत न बघता केलेली आहे.'

मोठ्या साहेबांनी ते दोनदा वाचलं. खाली पाहुण्यांच्या खुर्च्या मांडायचं काम चालू होतं.

"याचा परिणाम काय होईल, कळतंय तुम्हाला?"

"कळतंय. माझा सहीचा अधिकार जाईल."

"आणि आत सगळं ठीक निघालं तर? उगाच गेल्यासारखं होईल."

"साहेब, बघितलं नव्हतं ते नव्हतंच."

साडेनऊला बाईंनी स्वतःच्या हातानं लाल ठिपका खरवडला. शिडी आत पालथा पडला, हातात बॅटरी. बराच वेळ त्याचे नुसते पाय दिसत होते.

"बाई," तो आतून म्हणाला, आणि त्याचा आवाज ओळखू येईना. "डावीकडच्याला पिन नाही. नट एक आटा सैल झालाय. इंजिन चालवून बघितलं ना जमिनीवर, तेवढ्यानंच. मी दोन्ही लावल्या होत्या हो. मला तसंच वाटत होतं."

कॅप्टन पुढं झाले, आत वाकून बघितलं. दांडा सुटला असता तर विमानाचं नाक वर घ्यायचं त्यांच्या हातात राहिलं नसतं. ते सरळ उभे राहिले, हातमोजे काढले, आणि काही विनोद केला नाही.

"नीट करा," ते म्हणाले. "सगळं परत बघा. मग मला बोलवा."

पाहुण्यांना चहा देऊन परत पाठवलं. डिझाइनवालीला तिचे आठ दिवस मिळाले. शिडीला सहा महिने विमानाला हात लावायला बंदी झाली. बाईंचा सहीचा शिक्का साहेबांनी टेबलाच्या खणात ठेवला. पुन्हा परीक्षा देईपर्यंत तो मिळणार नव्हता, आणि मिळेलच याची खात्री नव्हती. बाईंना वाटलं होतं, आपल्याला लाज वाटेल. ती वाटलीच. पण छातीवरचं ओझंही उतरलं होतं.

उरला मामांचा कागद. साहेबांना आता त्यांच्याशी कसं बोलावं कळत नव्हतं. ते पुटपुटत लिहीत होते, "हत्यार क्रमांक एकशे अठरा, एक दिवस गहाळ..."

"साहेब," मामा म्हणाले, "गहाळ नका लिहू."

"मग काय लिहू?"

"चोरलं म्हणून लिहा. दडवून ठेवलं म्हणा, काय वाटेल ते म्हणा. पण हरवलं म्हणू नका. माझ्या हातून काही हरवलेलं नाही."

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. "मामा, चोरी लिहिली तर निरोपाचा समारंभ होणार नाही. नोंद कायमची राहील."

"राहू दे की."

"चोरलं असंच लिहा साहेब," बाई म्हणाल्या. "तेच खरं आहे."

साहेबांनी ओळ खोडली, नवी लिहिली, आणि कागद मामांपुढं सरकवला. "इथं खाली सही करा."

मामांनी चष्मा लावला. पहिल्या ओळीपासून, बोट ठेवत, ओठ हलवत, सगळं पान वाचलं. साहेब घड्याळाकडे बघत होते. मामांनी कागद उलटून मागची कोरी बाजूही बघितली. मग पेन मागितलं आणि सही केली.

बाईंना रडू आलं ते तेव्हा.